शेवंड शेवटी: घरच्या गॅसवर शेवंड शिजवताना

"काकी, शेवंड चिवट झालीय, आणखी दहा मिनिटं ठेवू का?" शेवंडीबद्दलचा, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या काटेरी लॉबस्टरबद्दलचा, हा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. बहुतेक रविवारी, दुपारी एकच्या सुमाराला, पाहुणे हात धुऊन बसलेले असताना. माझं उत्तर ठरलेलं: गॅस बंद कर आणि आहे तशी वाढ. चिवट झालेली शेवंड जास्त शिजवली की जास्त चिवट होते. मटणाचा नियम तिला लावायचा नाही.

दुसरा फोन याच्या उलट. "काकी, पिठासारखी लागतेय, दाताखाली काही येतच नाही." तिथे गॅसवर काही चुकलेलंच नसतं. चूक आदल्या दिवशी पिशवीत नाहीतर बादलीत झालेली असते.

म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढलं. रीती तीनच दिल्या आहेत, त्याही साध्या. खरं काम त्याआधीच्या तयारीत आहे. एक गोष्ट आत्ताच सांगते, पुढे ती पुन्हापुन्हा येणार आहे: शेवंड शेवटी. वाटण, रस्सा, भात, ताटं, पाणी, सगळं तयार झालं की मग ती विस्तवावर चढवायची.

## आधी ओळख पटवा

आपल्या किनाऱ्यावर मिळते ती काटेरी शेवंड. दोन लांब, जाड, खरखरीत मिशा, पाठीवर पुढे वळलेले काटे आणि रुंद शेपूट. हिला खेकड्यासारख्या नांग्या नसतात. परदेशी व्हिडिओत दिसतो तो मोठ्या नांग्यांचा लॉबस्टर उत्तर अटलांटिक महासागरातला, आपल्याकडे तो सापडत नाही. माझी एक भाची "मावशीने नांग्या आधीच काढून ठेवल्या" म्हणून कोळणीशी भांडून आली होती. नंतर मला जाऊन तिच्या वतीने माफी मागावी लागली.

हा फरक स्वयंपाकाला फार महत्त्वाचा आहे. शेवंडीचं जवळजवळ सगळं मांस शेपटीत असतं. ५०० ग्रॅमच्या शेवंडीतून कवच काढून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मांस निघालं तर चांगलं निघालं म्हणायचं. चार माणसांच्या कालवणाला अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन पुरतात, कारण चव रश्शात उतरते. तव्यावर करायची असेल तर माणशी अर्धी धरा. मुंबईच्या बाजूला जास्त दिसते ती पॅन्युलिरस पॉलिफेगस नावाची जात: हिरवट-राखाडी, शेपटीच्या प्रत्येक पेऱ्यावर आडवा फिकट पट्टा.

चपटी, मिशांच्या जागी फावड्यासारखे दोन पट्टे असलेली एक जातही असते. मुंबईच्या समुद्रात ती एकेकाळी भरपूर मिळायची. बेसुमार मासेमारीने १९९० च्या दशकात ती जवळजवळ संपली. गोठवलेली मिळालीच तर रीत हीच, वेळ थोडा कमी.

इशारा: कोलंबी किंवा खेकडा खाऊन ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात किंवा घसा आवळतो, त्यांना शेवंड चाखायलाही देऊ नका. पाहुण्यांना आमंत्रण देतानाच विचारून ठेवा.

## पायरी १: बाजारात

१. शक्यतो जिवंत घ्या. भाऊच्या धक्क्यावर, ससून डॉकला किंवा मालवणच्या किनाऱ्यावर लवकर गेलात तर मिळते. "मावशी, पाठीला धरून उचलून दाखवा" म्हणा. जिवंत शेवंड उचलली की शेपूट फाटकन पोटाखाली आपटते. शेपूट नुसती लोंबत राहिली तर ती मेलेली आहे किंवा मरायला टेकली आहे.

२. बर्फातली घ्यायची असेल तर डोकं आणि शेपूट जिथे जुळतात तो सांधा किंचित वाकवून बघा. आतलं मांस पारदर्शक आणि घट्ट दिसलं पाहिजे. तिथे पिवळट-हिरवट ओघळ दिसला, पोटाखालची त्वचा काळी पडलेली दिसली किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर सोडून द्या. अशा शेवंडीला मसाला वाचवू शकत नाही.

३. शेपटीखाली नारिंगी-तपकिरी मण्यांसारखी अंडी चिकटलेली असतील तर ती मादी घेऊ नका. चपट्या जातीचं काय झालं ते वर सांगितलंच.

४. फार लहानही घेऊ नका. निर्यातीसाठी या पट्टेवाल्या जातीचं किमान वजन २००३ पासून ३०० ग्रॅम ठरलेलं आहे, घरासाठीही तोच आकडा धरा. आणि किलोच्या वरची मोठी शेवंड मिरवायला छान, पण बाहेरून शिजेपर्यंत आत कच्ची राहते. पहिल्यांदा करणाऱ्याने ४०० ते ६०० ग्रॅमची घ्यावी.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी "आजचीच आहे" म्हणालं तर सांधा दोनदा बघा.

## पायरी २: घरी येईपर्यंत

पिठासारख्या मांसाचं मूळ या टप्प्यात आहे, म्हणून जरा थांबते.

शेवंडीच्या डोक्यात पचनाची ग्रंथी असते, तो हिरवट-पिवळट लगदा. शेवंड जिवंत असते तोवर त्यातले पाचक रस जागच्या जागी असतात. ती मेली की ते झिरपत शेपटीत उतरतात आणि मांस आतून विरघळवायला लागतात. उन्हाळ्यात हे काही तासांत होतं. वरून कवच तसंच टणक असतं, त्यामुळे शिजवून तोंडात घालेपर्यंत काही कळत नाही.

पहिली शेवंड मी अशीच घालवली. जिवंत मिळाली, म्हटलं उद्या सकाळी करू, आणि मोठ्या मायेने नळाच्या पाण्याच्या बादलीत सोडली. समुद्राच्या प्राण्याला गोडं पाणी सोसत नाही, हे मालवणात वाढूनही मला सुचलं नव्हतं. रात्रीच मेली. सकाळी शेपूट कापली तर मांस चमच्याने उचलावं लागलं.

१. घ्यायला जातानाच गोणपाट किंवा जाड सुती फडकं न्या. धक्क्यावर ते समुद्राच्या पाण्यात भिजवा, पिळा आणि शेवंड त्यात गुंडाळा. समुद्राचं पाणी मिळालं नाही तर एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे मीठ घालून त्यात भिजवा.

२. प्लॅस्टिकच्या पिशवीला गच्च गाठ मारू नका, ती गुदमरते.

३. घरी आल्यावर त्याच ओल्या फडक्यासकट फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. त्याच दिवशी शिजवा. उद्यावर ढकलायची असेल तर उद्याच आणा.

४. वाटेत मेली आणि ते तुमच्या लक्षात आलं, तर घरी येऊन आंघोळ-चहा नंतर. आधी शेपूट पिळून डोक्यापासून वेगळी करा, बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. कधी मेली याचा अंदाजच नसेल तर टाकून द्या. जिवावर येतं, भाव सुरमईच्याही वरचा असतो. तरी टाका.

तपासा: मिशीला बोट लावलं की ती हलते का? हलत असेल तर पुढे चला.

## पायरी ३: ओट्याची मांडणी

ही पायरी सगळे गाळतात आणि मग एका हातात वळवळणारी शेवंड धरून दुसऱ्या हाताने कपाटात कात्री शोधतात.

ओट्यावर हवं ते असं: जड, टोकदार सुरी. लाकडी फळी, तिच्याखाली ओलं फडकं म्हणजे ती सरकणार नाही. जाड हातमोजे किंवा चौपदरी सुती फडकं, कारण पाठीचे काटे हात सोलतात आणि ती जखम दोन दिवस ठणकते. मजबूत कात्री. सुपारीचा अडकित्ता. घट्ट झाकणाचा टोप. बर्फ, दोन शेवंडींना निदान दीड-दोन किलो. सांडलेला रस धरायला थाळी. आणि मोबाइलवर टायमर. "अंदाजाने बघू" यावर शेवंडीच्या बाबतीत माझा विश्वास नाही.

विळीवर कापू नका. विळीवर दोन्ही हातांनी दाबावं लागतं आणि हात नेमका काट्यांवरून घसरतो.

## पायरी ४: गार करणं आणि कापणं

जिवंत शेवंड थेट उकळत्या पाण्यात टाकायची पद्धत सोडून द्या. तिचे हाल होतात हे एक. स्वित्झर्लंडने तर असं जिवंत उकळायला २०१८ पासून बंदीच घातली आहे. दुसरं कारण निव्वळ स्वयंपाकाचं: ती शेपूट आपटते, उकळतं पाणी अंगावर उडतं, पाय गळून पडतात.

१. घमेल्यात बर्फ, थोडं पाणी आणि मूठभर मीठ घालून शेवंड त्यात बुडवा. निदान २० मिनिटं. किंवा ओल्या फडक्यासकट फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा. आपली शेवंड उष्ण समुद्रातली, थंडीने लवकर बधिर होते.

२. मिशा, पाय आणि शेपूट हलवून बघा. कशालाच प्रतिसाद नसला की मगच सुरी उचला. जराशी जरी हालचाल दिसली तर आणखी दहा मिनिटं बर्फात.

३. पोट फळीवर, डोकं उजवीकडे. डावखुऱ्यांनी उलट. डाव्या हाताने मोज्यासकट पाठ घट्ट दाबा. डोळ्यांच्या मागे, बरोबर मध्यावर सुरीचं टोक उभं खुपसा आणि पातं डोळ्यांच्या मधून खाली आणा. थांबू नका. लगेच शेवंड फिरवून त्याच रेषेत शेपटीच्या टोकापर्यंत उभी चिरा. काटेरी शेवंडीच्या मज्जातंतूच्या गाठी डोक्यापासून शेपटीपर्यंत ओळीने असतात, म्हणून अर्धवट घाव पुरत नाही.

४. अख्खी उकडायची असेल तर डोक्यातला घाव घालून लगेच टोपात सोडा, शेपूट चिरू नका.

चिरल्यानंतरही पाय थोडा वेळ थरथरतात. घाबरू नका, तंतूंची हालचाल असते ती.

## पायरी ५: काय काढायचं, काय ठेवायचं

चिरलेली शेवंड उघडून ठेवली की आतली मांडणी लख्ख दिसते. डोळ्यांच्या मागे पातळ पापुद्र्याची पिशवी, ते पोट, त्यात वाळू असते. बाजूंना पिसांसारखे कल्ले. मधे हिरवट लगदा. शेपटीच्या मांसातून आरपार जाणारा काळा दोरा.

पिशवी, कल्ले आणि दोरा काढायचेच. हिरवट लगदा काही जण रश्शात घालतात. मी काढते. समुद्राच्या पाण्यात जे काही वाईट असेल ते याच ग्रंथीत साठतं.

अख्ख्या शेपटीतून दोरा काढायची एक जुनी युक्ती आहे. मिशी बुडाशी मोडून घ्या. तिचं जाड टोक शेपटीच्या पंख्याखाली, मधोमध जे लहान भोक असतं, त्यात चार-पाच सेंटिमीटर सरळ आत घाला. मिशीवर बारीक काटे असतात, टोकाकडे वळलेले. दोनदा गोल फिरवा आणि हळू ओढा. काट्यांना अडकून अख्खा दोरा बाहेर येतो. पहिल्यांदा तुटला तर पुन्हा घाला. झटका मात्र देऊ नका.

फळीवर सांडलेला रस थाळीत गोळा करा, तो रश्शात जाणार आहे. डोक्याचं कवच आणि पायही फेकू नका.

नेहमीच्या तीन चुका इथे होतात. चिरलेलं मांस नळाखाली धरून चोळून चोळून धुतात: चव मोरीत जाते. मिठाच्या पाण्यात एकदा बुचकळून काढलं की झालं. दुसरी, सकाळीच लिंबू-व्हिनेगर लावून ठेवतात: आंबटाने मांस वरून आवळतं आणि भुसभुशीत होतं. तिसरी, मीठ-हळद लावून तासभर विसरतात: पाणी सुटतं आणि सगळा ओलावा ताटलीत उतरतो. मीठ, हळद, जरासं तिखट, विस्तवावर घालायच्या आधी दहा मिनिटं. बस.

## पायरी ६: शिजवणं

भात झाला? सोलकढी झाली? पाहुणे आले? तिन्हीचं उत्तर हो असेल तर पुढे वाचा.

आणि कुकर कपाटातच राहू द्या. "दोनच शिट्ट्या केल्या" असं सांगणाऱ्या फोनला मी हल्ली फक्त "अरे देवा" म्हणते.

### रीत पहिली: वाफ

पहिल्यांदा करणाऱ्याने हीच करावी, यात बिघडायला जागा कमी आहे.

१. टोपात दोन बोटं पाणी, त्यात मीठ. वर चाळणी किंवा मोदकपात्राची जाळी. झाकण लावून पाणी खळखळू द्या.

२. अख्खी शेवंड पोट खाली करून जाळीवर ठेवा. झाकण गच्च. झाकणाखालून वाफ जोरात यायला लागली की टायमर लावा: ५०० ग्रॅमला १० ते १२ मिनिटं. उभी चिरलेली अर्धी असेल तर ६ ते ७.

३. वेळ झाली की बाहेर काढून मिनिटभर बर्फाच्या पाण्यात धरा. कवच उष्णता धरून ठेवतं आणि गॅस बंद झाल्यावरही आत शिजणं चालूच राहतं. बर्फ नसेल तर टायमर एक मिनिट अलीकडे लावा.

४. अख्खी शेपूट पालथी करून पोटाकडची पातळ त्वचा दोन्ही कडांनी कात्रीने कापा. मांस एका तुकड्यात बाहेर येतं.

तपासा: उकडलेल्या अख्ख्या शेवंडीची शेपूट घट्ट आत वळलेली हवी, सरळ केली तरी परत वळणारी. शेपूट सैल, सरळ पडून राहिली तर ती टोपात जायच्या बऱ्याच आधी मेलेली होती.

### रीत दुसरी: तव्यावर, लसणीच्या लोण्यात

दोन शेवंडींच्या चार फोडींना ४० ग्रॅम लोणी, दहा-बारा पाकळ्या ठेचलेला लसूण, अर्धा चमचा मालवणी मसाला.

१. लोणी आणि लसूण वेगळ्या कढल्यात मंद आचेवर. लसणीचा कच्चा वास गेला की मसाला टाकून लगेच उतरवा. तव्यावरच लसूण टाकली तर शेवंड होईपर्यंत ती करपून कडू होते.

२. कवचाच्या फोडी तव्यावर डुगडुगतात. फोड पालथी घालून तळव्याने हलकेच दाबा, कवच जरा चपटं होतं. हातमोजा घालूनच.

३. लोखंडी तवा चांगला तापला की चमचाभर तेल, आणि फोडी मांसाची बाजू खाली करून ठेवा. एका वेळी दोनच. चार कोंबल्या तर तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि फोडी भाजण्याऐवजी उकडतात.

४. दीड ते दोन मिनिटं हलवायचं नाही. मग उलटा. कवच खाली, मांस वर. लसणीचं लोणी चमच्याने वरून घाला, आच मध्यम करा, झाकण ठेवा. आणखी ४ ते ५ मिनिटं.

५. गॅस बंद करून मग लिंबू पिळा.

रवा लावून तळायची असेल तर मांस कवचातून काढून बोटभर जाड तुकडे करा, एकेका बाजूला दीड-दोन मिनिटं. पण खरं सांगू? रवा बांगड्याला शोभतो. शेवंडीचा गोडवा त्याखाली झाकतो.

### रीत तिसरी: कालवण

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण आपल्याला फोडणीत मासे टाकून वरून वाटण ओतायची सवय. इथे रस्सा पूर्ण करायचा, मीठ-तिखट-आंबट चाखून पक्कं करायचं, आणि मग शेवंड.

आधी अर्क. साफ केलेल्या डोक्याची कवचं चमचाभर तेलात चार-पाच मिनिटं परता, लाल होतील. तीन कप पाणी घालून १५ ते २० मिनिटं मंद उकळा, फडक्यातून गाळा. पायांचं वेगळं करायचं: कुर्ल्यांच्या बारीक पायांचा रस काढतात तसाच. खलबत्त्यात ठेचा, अर्धी वाटी पाणी घालून कुस्करा, गाळा. मिक्सर वापरू नका, पाती बोथट होतात आणि कवचाचा चुरा रश्शात येतो. गाळणं दोनदा केलंत तर उत्तम. घशात अडकलेला कवचाचा एक कण सगळ्या जेवणाचा विचका करतो.

मग वाटण. अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, आठ भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, सहा मिरे, सहा पाकळ्या लसूण, भाजलेला एक लहान कांदा, अर्धा चमचा हळद. गंधासारखं बारीक वाटा. तिरफळं मी घालत नाही. बांगड्याला ती हवीतच, शेवंडीला भारी पडतात.

मग रस्सा. दोन मोठे चमचे खोबरेल तेलावर बारीक कांदा आणि ठेचलेली लसूण. कांदा मऊ झाला की वाटण. सहा-आठ मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई केलीत तर धण्याचा कच्चा वास शेवटपर्यंत राहतो, कारण नंतर तो जायला वेळच मिळणार नाही: शेवंड आत गेली की मोजून पाच-सहा मिनिटं. गाळलेला अर्क, पायांचा रस, थाळीतला रस घाला. चार-पाच कोकमं. मंद आचेवर दहा मिनिटं. खळाखळा उकळू नका, खोबरं फुटतं.

आता चाखा. रस्सा किंचित जास्त खारट-तिखट लागला पाहिजे, शेवंड त्याला थोडी सौम्य करते. काही कमी वाटलं तर आत्ताच घाला.

आणि शेवटी शेवंड. शेपटीच्या प्रत्येक अर्ध्या फोडीचे कवचासकट दोन-तीन तुकडे. कवच काढू नका, मांसाला ते थेट आचेपासून वाचवतं. तुकडे रश्शात बुडवा, झाकण, मंद आच, ५ ते ६ मिनिटं. मधे एकदाच टोप धरून हलवा, डाव घालून ढवळू नका. गॅस बंद. झाकण न काढता पाच मिनिटं. मग वाढा.

पाहुण्यांना उशीर होणार असेल तर रस्सा तयार ठेवून शेवंड फ्रिजमध्येच राहू द्या. खाली गाडी लागल्याचं कळलं की तुकडे टाका. वर येऊन, चपला काढून, हात धुऊन बसेपर्यंत होतं.

## शिजली की नाही, कसं ओळखायचं

लाल झाली म्हणजे शिजली, हा सगळ्यांत मोठा गैरसमज. लाल रंग कवचात आधीपासूनच असतो, एका प्रथिनाला बांधलेला. उष्णता लागली की ते प्रथिन सैल होतं आणि रंग मोकळा दिसायला लागतो. हे कवचात घडतं, तेही पहिल्या काही मिनिटांत. आतलं मांस त्या वेळी कच्चं असू शकतं.

शेपटीच्या सर्वांत जाड भागात सुरीचं टोक घालून मांस जरा फाकवा. मध्यभागी काचेसारखं पारदर्शक दिसलं तर कच्चं, एक मिनिट द्या आणि परत बघा. सगळीकडे दुधासारखं पांढरं, दाबलं तर लवचिक आणि ओलसर: झालं. तंतू सुटे दिसायला लागले आणि मांस कवचापासून आक्रसून लांब गेलं, तर पुढे गेलात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर जाड भागात ६३ अंश सेल्सिअसला थांबा.

## गोठवलेल्या शेपट्या आणल्या असतील तर

आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीवर. आठ-दहा तास. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास. गरम पाणी आणि मायक्रोवेव्ह नको, कडा शिजतात आणि मधे बर्फ राहतो. सुटल्यावर टिपकागदाने नीट कोरड्या करा. वर बर्फाचा थर असतो, तेव्हा वजनातून तो वजा धरा. या शेपट्या वाफेपेक्षा कालवणात बऱ्या लागतात. अर्कासाठी डोकी मिळत नाहीत, मग चार कोलंब्यांची डोकी वापरा.

## बॉस्टन-हॅलिफॅक्सकडच्या मंडळींसाठी

तुमच्याकडचा नांग्यांचा लॉबस्टर वेगळा, पण "शेवटी" हा नियम त्यालाही लागू. नांग्यांवरचे रबर गार करून मारल्यानंतर, टोपात घालायच्या आधी कापा, नाहीतर पाण्याला रबराचा वास लागतो. टणक कवचाच्या लॉबस्टरला खारट उकळत्या पाण्यात, पाणी परत उकळल्यापासून: एक पौंडाला (सुमारे ४५० ग्रॅम) ८ मिनिटं, सव्वा पौंडाला ९ ते १०, दीड पौंडाला ११ ते १२. कवच बदललेला मऊ लॉबस्टर असेल तर दोन-तीन मिनिटं कमी. नांग्या फोडायला घरून नेलेला अडकित्ता तिथल्या कुठल्याही हत्याराइतकाच चालतो. हिरवा लगदा खाऊ नका असं अमेरिकेतल्या मेन राज्याचं आरोग्य खातंही सांगतं.

कालवण करायचं तर नांग्या आधी दोन मिनिटं रश्शात टाका, शेपटीचे तुकडे मागाहून. नांगीचं कवच जाड असतं.

## उरली तर

उरलेलं मांस कवचातून काढून झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांच्या आत संपवा. दुसऱ्या दिवशी कालवण गरम करताना तुकडे आधी बाजूला काढा, रस्सा एकटा उकळा, गॅस बंद करा आणि मग तुकडे परत आत. तीन-चार मिनिटांत आतपर्यंत कोमट होतात. वाफवलेली उरली असेल तर गरम करूच नका. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, लिंबू, मीठ आणि चमचाभर कच्चं खोबरेल घालून कालवा, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर गारच खा.